बोअरच्या जड पाण्यातला फिशटँक: मराठवाड्यातल्या घरासाठी

ज्या पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गिझरची कॉइल वर्षाच्या आत पांढरी होते, त्याच पाण्यात आपल्याला मासे पाळायचे आहेत. फिशटँकचे जे सल्ले ग्रुपांवर फिरतात ते बहुतेक मऊ पाण्याच्या गावांतले असतात. मुंबईच्या नळाला तलावांचं मऊ पाणी येतं, तिथे निऑन टेट्रा निवांत जगतो. तोच मासा लातूर-जालन्याच्या बोअरच्या पाण्यात सोडला की आठ-पंधरा दिवसांत तळाला जातो. मग माणूस पीएच उतरवायचं औषध आणतो, बदामाची पानं टाकतो, आरओचं पाणी कॅनने भरतो आणि सहा महिन्यांत टाकी माळ्यावर चढवतो.

यातलं काही करायची गरज नसते. पाणी आहे तसं ठेवावं आणि त्याला मानवतील असे मासे आणावेत. पुढचं सगळं याच धोरणाने लिहिलं आहे.

आधी पाणी मोजा

टाकी घ्यायच्या आधी एक बादली पाणी भरा, त्यात एअर पंपाचा दगड सोडा आणि २४ तास चालू ठेवा. मोजायचं ते त्यानंतर. बोअरमधून नुकत्याच आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे पीएच कमी दिसतो. बोअरवर ७.१ दाखवणारं पाणी दुसऱ्या दिवशी ८.१ दाखवतं. "माझं पाणी न्यूट्रल आहे" म्हणणारे बरेच जण इथेच फसतात.

चार आकडे लागतात: टीडीएस, पीएच, जीएच आणि केएच. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, पण पाण्यात एकूण क्षार किती एवढंच तो सांगतो, कोणते ते नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम किती ते जीएच सांगतो आणि बायकार्बोनेट किती ते केएच. दोन्हींचे थेंबांचे किट मिळतात: ५ मिली पाण्यात थेंब मोजत टाकायचे, रंग बदलला की थांबायचं. जितके थेंब तितके अंश. एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलीग्रॅम. आपल्याकडे जीएच १५ ते २५ निघाला तर दचकू नका.

घरी सॉफ्टनर बसवला असेल तर मोजणी आणि भरणी दोन्ही त्याच्या आधीच्या नळावरून करा. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, पण टीडीएस जवळपास तेवढाच राहतो आणि माशाला हवा तो कॅल्शियम मात्र निघून जातो.

पाचवा आकडा नायट्रेटचा. शेताजवळच्या, उथळ किंवा शोषखड्ड्याशेजारच्या बोअरला नायट्रेट मुळातच जास्त असू शकतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅम आहे. बोअरलाच ६० असेल तर कितीही पाणी बदललं तरी टाकीत ६०च्या खाली येणार नाही. अशा घरी निम्मं आरओचं पाणी मिसळण्यावाचून इलाज नाही.

पीएच उतरवायची औषधं घेऊ नका. केएच १२ असलेल्या पाण्यात आम्ल टाकलं की बायकार्बोनेट ते गिळून टाकतं. पीएच दोन तास खाली येतो आणि रात्रीतून परत वर जातो. मासा स्थिर ८.२ सहन करतो, रोजचा झोका सहन करत नाही. बदामाच्या पानांनी पाणी चहासारखं दिसतं, शोभा येते, पण आपल्या पाण्यात पीएचचा काटा त्याने हलत नाही.

कोणते मासे

मॉली, गप्पी, प्लॅटी आणि स्वोर्डटेल ही पिल्लं घालणारी मंडळी जड पाण्याचीच. मॉली तर मऊ पाण्यात आजारी पडते, पंख मिटून जागच्या जागी डुलत राहते. मुंबई-पुण्यात जिला नाजूक म्हणतात ती बीडमध्ये चिवट ठरते.

गप्पीसाठी एक जुगाड आहे. डास मारायला हौदात नि डबक्यात आरोग्य खात्याकडून सोडले जाणारे गप्पी मासे याच पाण्यात पिढ्यान् पिढ्या वाढलेले असतात. रंगाला फिके, पण काटक. त्यांच्या माद्यांना दुकानातला एखादा रंगीत नर दिला की दोन-तीन पिढ्यांत देखणी आणि टिकणारी पैदास मिळते. हौदातले मासे आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा.

आफ्रिकेतल्या मलावी तळ्याच्या सिक्लिडबद्दल "जड पाण्याचा मासा" असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. त्या तळ्याचा पीएच आठच्या आसपास असतो, पण क्षार फार नसतात. तरी आपल्या पाण्यात हे मासे उत्तम जुळवून घेतात. अडचण जागेची आणि भांडणांची: चार फुटांखालच्या टाकीत ठेवूच नयेत. टँगानिका तळ्याचं पाणी मात्र खरंच जड, आणि तिथला शंखात राहणारा मल्टिफॅसिएटस हा दीड-दोन इंची मासा दोन फुटी टाकीत अख्खी वसाहत करतो. माझ्या मते मराठवाड्यातल्या घरासाठी यापेक्षा मजेदार मासा नाही. माशामागे दोन-तीन रिकामे शंख लागतात. शेतात पडलेले शंखी गोगलगाईचे शंख घेणार असाल तर गोगलगाईचं विषारी आमिष टाकलेल्या शेतातले नकोत. हातमोजे घालून उचला आणि अर्धा तास उकळा.

निऑन आणि कार्डिनल टेट्रा, डिस्कस, रॅम सिक्लिड यांना हात लावू नका. गोल्डफिशला जड पाणी चालतं, पण आपला मे महिना चालत नाही.

झाडांत व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि हॉर्नवर्ट घ्या. ही पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनच कार्बन घेतात, म्हणून आपल्याकडे माजतात. कालव्यातून आणली तर जळवा आणि चतुराची पिल्लं सोबत येतात, आणि चतुराची अळी गप्पीची पिल्लं एकेक करून संपवते. पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून, धुऊन मगच लावा.

टाकी आणि मांडणी

सुरुवातीला २ बाय १ बाय १ फूट, ५ मिमी काच. हिशेबाने ५६ लिटर होतात. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की प्रत्यक्ष पाणी ५० लिटरच्या आत-बाहेर. पुढची सगळी मापं ५० लिटरची आहेत. भरलेली टाकी ७० किलोच्या आसपास जाते, म्हणून टीपॉयवर नको. खाली १० मिमी थर्माकोल घाला. वाळूचा एक खडा काचेखाली राहिला तर त्याच ठिकाणाहून तडा जातो.

जागा निवडताना पश्चिमेची भिंत टाळा. दुपारी तापलेली ती भिंत रात्री दहापर्यंत ऊब सोडत असते. पत्र्याच्या खोलीत टाकी ठेवायचीच असेल तर जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, कारण छताखालची हवा सगळ्यात गरम असते.

वाळू एक इंच थराला सुमारे ७ किलो लागते. पाणी नितळ निघेपर्यंत धुवा, आठ-दहा पाण्यांची तयारी ठेवा. दगड आपला काळा बेसाल्ट उत्तम, तो पाण्यात काही सोडत नाही. त्याच्या पोकळीत पांढरे स्फटिक दिसले तर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघा. फेस आला तर तो कॅल्साइट, पाणी आणखी जड करणारा. शहाबादी फरशीचे तुकडे गुहेसाठी वापरतात, तोही चुनखडकच. मॉली आणि सिक्लिडला त्याने काही बिघडत नाही.

फिल्टर साधा स्पंज फिल्टर घ्या. बाहेरचा कॅनिस्टर दिसायला भारी, पण वीज गेली की त्याच्या बंद डब्यातला ऑक्सिजन संपतो आणि आतले जिवाणू मरतात. उन्हाळ्यात तीन-चार तास बंद राहिलेला कॅनिस्टर तसाच सुरू केला तर ते सडकं पाणी थेट माशांवर येतं. आधी रिकामा करा, आतला माल टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या, मग सुरू करा. स्पंज टाकीतच असल्याने त्याला हा धोका फार कमी. एअर पंप मात्र पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत चेक व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात आणि तिथून फरशीवर.

मासे आणायच्या आधीचा महिना

माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू स्पंजवर वसायला वेळ लागतो. आपल्याकडे हा टप्पा टाळणं इतर ठिकाणांपेक्षा महागात पडतं. पीएच ७ आणि २५ अंशांना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८.२ आणि ३२ अंशांना तोच हिस्सा १२ ते १३ टक्क्यांवर जातो. म्हणजे किटवर तोच आकडा, आणि विष वीसपट.

म्हणून मासे न घालता टाकी मुरवा. लागतं अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. कल्हईसाठी मिळणाऱ्या वड्यांत आणखी काय आहे ते सांगता येत नाही, तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून घ्या. १० ग्रॅम नवसागर १ लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाचे ३० मिली ५० लिटरच्या टाकीत टाकले की अमोनिया लिटरला साधारण २ मिलीग्रॅम होतो.

फिल्टर चालू, दिवा बंद. दर दोन दिवसांनी तपासा. आठ-बारा दिवसांनी अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं. अमोनिया शून्याजवळ आला की दर वेळी १५ मिली द्या. मग एके दिवशी ३० मिली टाका आणि २४ तासांनी बघा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर टाकी तयार. निम्मं पाणी बदलून मासे आणा. याला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या माणसाच्या जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर सात-दहा दिवसांत काम होतं. बाटलीतल्या जिवाणूंवर पैसे घालवण्यापेक्षा तो मळका स्पंज मागून आणा, ओल्या पिशवीत आणि त्याच दिवशी.

मासे सोडताना

दुकानातल्या पाण्याचा टीडीएस मोजा. आपल्याशी ३०० पेक्षा जास्त फरक असेल तर पिशवी नुसती तरंगवून भागत नाही. मासा पिशवीतल्या पाण्यासह छोट्या बादलीत घ्या आणि एअर पंपाच्या नळीला गाठ मारून टाकीचं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब सोडा. दीड तासात पाणी तिप्पट झालं की जाळीने मासा उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत घालायचं नाही.

बाहेरगावाहून १५-२० तास बंद पिशवीत आलेल्या माशाला मात्र हे करू नका. त्या पाण्यात अमोनिया साचलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो, म्हणून तो अमोनिया थंड असतो. पिशवी उघडून थेंब सोडले की पीएच चढतो आणि मासा बादलीतच भाजतो. अशा वेळी तापमान जुळवा आणि लगेच टाकीत सोडा.

५० लिटरमध्ये दहा गप्पी, किंवा सहा प्लॅटी, किंवा पाच मॉली. "किंवा" कडे लक्ष द्या. नर एक तर माद्या दोन-तीन. मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं देते, तेव्हा सहा महिन्यांत टाकी भरून वाहील. पिल्लं नको असतील तर नुसते नर ठेवा.

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ अंश असताना बंद खोलीतलं पाणी ३३-३४ला सहज पोचतं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ला सातच. आपण पठारावर राहतो, म्हणून प्रत्यक्षात आणखी थोडा कमी. त्यात उष्णतेने माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात. पहाटे मासे पृष्ठभागाला तोंड लावून दिसले तर हेच कारण, कारण रात्रभर झाडंही ऑक्सिजनच घेत असतात.

इथे आपल्या कोरड्या हवेचा फायदा आहे. माठ ज्या कारणाने गार होतो त्याच कारणाने टाकी गार होते. टाकीचं झाकण काढा, त्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा, कारण स्वोर्डटेल उडी मारतो. १२ व्होल्टचा, १२ सेंटिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा जुन्या अडॅप्टरला जोडून पृष्ठभागावर तिरका वारा लागेल असा बांधा. अडॅप्टर टाकीपासून लांब आणि वायरला सॉकेटच्या खाली लोंबेल असा झोल द्या, म्हणजे थेंब वायरवरून ओघळून सॉकेटमध्ये न जाता खाली पडतो. एवढ्याने पाणी २ ते ४ अंश उतरतं. कोकणातल्या दमट हवेत हा पंखा जवळपास वाया. आपल्याकडेही जुलैत त्याचा उपयोग संपतो, पण तोवर गरजही संपलेली असते.

आता यातली खरी गोम. पंख्याखाली दिवसाला एक लिटर पाणी उडतं. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात. बोअरचा टीडीएस ९०० धरा. रोज एक लिटर बोअरचंच पाणी वर भरत राहिलात तर महिन्यात २७ ग्रॅम क्षार टाकीत जमा झाले, म्हणजे ५० लिटरला लिटरमागे ५४० मिलीग्रॅमची भर. महिनाअखेर टीडीएस १४४०, जूनच्या तोंडावर दोन हजाराला टेकलेला. थोडा चुना काचेवर पांढऱ्या रेघेच्या रूपाने बसतो तेवढाच काय तो कमी. मग एके दिवशी माणूस निम्मं पाणी बदलतो, टीडीएस एका तासात पाचशेने पडतो आणि मासे मरतात. दोष "नवीन पाण्याला" दिला जातो.

म्हणून उडालेलं पाणी आरओच्या पाण्याने भरा आणि बदललेलं पाणी बोअरच्या पाण्याने. टाकीला आतून मार्करने रेघ मारा, रोज रात्री तिथपर्यंत आरओ भरा. घरच्या प्युरिफायरमधून रोज एक लिटर सहज निघतं. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर गच्चीवरून धरलेलं, झाकून ठेवलेलं पावसाचं पाणीही चालतं. एसीतून गळणारं नको, त्याच्यासोबत कॉइलची घाण येते.

पंख्याने भागलं नाही तर बर्फाची बाटली. एक लिटरची गोठलेली बाटली ५० लिटर पाणी जवळपास दोन अंश उतरवते, म्हणून अर्ध्या लिटरची, झाकण घट्ट लावून, दुपारी एक आणि चारला एक. एकदम तीन-चार अंश पाडले की पांढरे ठिपके येतात. या दिवसांत खाणं निम्मं करा आणि सकाळी द्या.

बदलायचं पाणी पहाटे भरा. छतावरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, ते माशाला काय करेल ते सांगायला नको.

पाणी टंचाईत

आठवड्याला २५ टक्के पाणी बदला हा नियम चांगला आहे. पण २०१६ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात तो ऐकवताना जरा विचार करावा. मासे निम्मे ठेवले तर दहा दिवसांनी एक बादली पुरते. मनी प्लांटच्या दोन-तीन फांद्यांच्या मुळ्या पाण्यात आणि पानं बाहेर अशा ठेवा, नायट्रेट खाऊन त्या भराभर वाढतात. निघालेलं पाणी अळूला किंवा केळीला घाला.

टँकरच्या पाण्याची भीती क्षारापेक्षा ब्लीचिंग पावडरची. तिचं माप हाताच्या अंदाजाने पडतं. ग्रामपंचायतीत असते ती ओटी टेस्टची बाटली ठेवा: नळीत पाणी, त्यात थेंब, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, केशरी झालं तर फारच आहे. वेळ असेल तर पाणी उघड्या टबात एअर पंप लावून २४ तास ठेवा. वेळ नसेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे हायपो. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवा. २० लिटरच्या बादलीला नेहमीच्या नळाच्या पाण्यासाठी ३ मिली, टँकरच्या पाण्यासाठी ७ मिली. पुन्हा ओटी टाकून रंग येत नाही याची खात्री करा. गढूळ पाणी तुरटीने निवळलं असेल तर वरचंच नितळ घ्या.

बिघडलं तर

मासे धापा टाकताहेत, पंप चालू आहे आणि पाणी थंड आहे, तर नायट्राइट तपासा. आलं तर लिटरला १ ग्रॅम खडेमीठ विरघळवून घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. सोबत पाव पाणी बदला. अंगावर रव्यासारखे ठिपके आले तर मीठ लिटरला २ ग्रॅमपर्यंत, दीड दिवसात तीन हप्त्यांत, आणि दहा दिवस तसंच. झाडं थोडी करपतील.

स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळून, नळाखाली कधीच नाही.

शेतातून फवारणी करून आल्यावर साबणाने दोनदा हात धुतले तरी त्या दिवशी टाकीत हात घालू नका. कीटकनाशकाचा हाताला राहिलेला अंशही अख्खी टाकी साफ करतो. घरात डास-झुरळांचा फवारा मारताना टाकीवर ओलं फडकं टाका आणि एअर पंप बंद ठेवा, कारण तो खोलीतली हवाच पाण्यात ओढत असतो. फवाऱ्याचा वास गेल्यावर, साधारण तासाभराने, पंप सुरू करा.

डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जातं. तेव्हा ५० वॉटचा हीटर २४ अंशांवर लावा. पाणी बदलायच्या १५ मिनिटं आधी त्याचा प्लग काढायचा, नाहीतर पाणी खाली गेलं की उघडी पडलेली गरम काच तडकते.